तारखेला किती घेता?

वाशीमात कुणाला म्हटलं, की ‘आमचा बँड आहे’, तर समोरचा एकच विचारतो : ‘तारखेले किती घेता?’ गाणी कुठली वाजवता, स्वतः बांधता की दुसऱ्यांची वाजवता, हे त्याच्या डोक्यातही येत नाही. तारीख म्हणजे लग्नाची तारीख. बँड म्हणजे लाल-सोनेरी कपडे घातलेली, पितळेचे बाजे घेतलेली, नवरदेवाच्या घोड्यापुढं चालणारी बारा-पंधरा माणसं. दुसरा बँड आमच्याकडं नसतो. निदान नव्हता.

मी लिहायला बसलो होतो तो या दुसऱ्या बँडवर. पाच पोरं, टिनाचं एक शेड, भाड्यानं आणलेले दोन स्पीकर आणि ‘आम्ही रॉक वाजवतो’ अशी छातीठोक घोषणा. कागदावर पाच, सरावाला कधी चार, कधी तीन. एकाला घरची तूर काढायला जावं लागे आणि एकाची कायम कुठल्यातरी भरतीची परीक्षा असे. सराव सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा शेजारच्या एक काकू पदर खोचून शेडच्या दारात आल्या. एक गाणं त्यांनी उभ्यानं पुरं ऐकलं. मग म्हणाल्या, ‘वैशाखात पोरीचं लगन हाय. वाजवता चांगलं, पण तुमचे पितळेचे बाजे कुठी हायेत?’ पोरं हसली. गिटारवाल्याला थोडा राग आला. मला मात्र वाटलं, काकूंनी माझ्या पुस्तकाचा पहिला प्रश्न विचारला आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

रॉक बँडवर लिहिण्याची एक ठरलेली पद्धत आहे. कोण काय वाजवतो, कुणाचं ऐकत मोठा झाला, कुणाकुणाचे आल्बम त्याच्या घरी होते. मी याच यादीनं सुरुवात केली आणि पहिल्याच संध्याकाळी ती संपली. आल्बम कुणाच्याच घरी नव्हते. ‘तू कुठं शिकलास?’ या प्रश्नाला पाचही जणांनी एकच उत्तर दिलं : ‘कुठंच नाही.’ ही काही विनयाची भाषा नव्हती. त्यांच्या लेखी शिकणं म्हणजे क्लास लावणं, गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक-प्रवेशिका देणं, भिंतीला प्रमाणपत्र टांगणं. तसं काहीच झालेलं नव्हतं, म्हणून ‘कुठंच नाही’. या दोन शब्दांच्या मागं काय काय आहे हे कळायला मला दोन लग्नसराया, एक रामनवमी आणि एक जयंती जावी लागली. पुढची प्रकरणं म्हणजे त्या ‘कुठंच नाही’चा पत्ता शोधण्याचा खटाटोप आहे.

पत्ता पहिल्यांदा सापडला तो ड्रम वाजवणाऱ्याच्या पायात.

हा पोरगा मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. त्याच्यापुढं ड्रमसेट नवा होता. नवा म्हणजे तिसऱ्या हाताचा, पण त्याला नवा. हात जबरदस्त. दोन्ही काठ्या खांद्यापासून यायच्या, मनगटातून नव्हे. पण पायाखालचा मोठा ढोल वाजायचाच नाही. पेडल होतं, स्प्रिंग शाबूत होती, आणि तरी पाय अर्ध्यावर थांबायचा. गिटारवाला वैतागून ‘किक दे, किक दे’ म्हणायचा. एके दिवशी मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. सुरू करण्याआधी तो वाकला, उजव्या हाताची बोटं ढोलाच्या कडेला लावली, मग कपाळाला लावली, आणि मगच पेडलवर पाय ठेवला. तेव्हा उलगडलं. ज्या वाद्यावर तो वाढला, त्याला पाय लागला तर नमस्कार करायचा असतो. आणि इथं तर पायानंच वाजवा म्हणतात. पुढं तो सरावला, पाय सुटला. बोटं कपाळाला लावणं मात्र राहिलं. कार्यक्रमातही तो आधी वाकतो. बघणाऱ्यांना वाटतं, खाली काहीतरी पडलं.

ते वाद्य म्हणजे नंगारा. बंजारा तांड्यावर नंगाऱ्याशिवाय पान हलत नाही. होळीच्या दिवसांत लेंगी सुरू झाली, की फेर धरलेल्या माणसांच्या मधोमध तो असतो. जोडीला काशाची थाळी. गोरबोलीतली लेंगी म्हणजे चिडवाचिडवी, आठवण, शृंगार आणि देव, सगळं एकाच दमात. गाणारा पुढं जातो, फेर मागं ओढतो, आणि नंगारा दोघांना बांधून ठेवतो. बंजारा समाजात वाजवणाऱ्यांची, वंशावळ गाणाऱ्यांची वेगळी घराणी होती. ढालिया, ढाडी ही नावं जुन्या माणसांच्या तोंडी अजून येतात. आमचा पोरगा त्या घराण्यांतला नाही. लहानपणी फेराच्या कडेला उभं राहून तो डब्यावर हात चालवायचा, एवढंच. ‘कुठंच नाही’ म्हणतो ते या अर्थानं.

मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांचं समाधिस्थान. बंजारा समाज तिला आपली काशी मानतो. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्रातून, तेलंगण-कर्नाटकातून माणसं लोटतात. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी पोहरादेवीला आले, बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन केलं आणि देवळात नंगाऱ्यावर काठ्याही चालवल्या. त्या दिवशी टीव्हीवर ते पाहून आमच्या ड्रमरला काय वाटलं हे मी मोठ्या अपेक्षेनं विचारलं. तो म्हणाला, ‘पान थोडं ढिलं वाटलं. तापवलं नसन.’ याला म्हणतात वाजवणाऱ्याचा कान.

आता काकूंच्या पितळेच्या बाजांकडं येऊ, कारण या बँडमधल्या एकाचे वडील तेच वाजवतात, आणि खरं सांगायचं तर या पुस्तकाचा अर्धा जीव त्यांच्यात अडकला आहे.

लग्नाचा बँड आपल्याला अस्सल देशी वाटतो. जन्माला आला तो इंग्रजांच्या पलटणीत. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम, अंगावरच्या झालरी, खांद्यावरचे बिल्ले, रांगेनं चालणं, सगळं छावणीतून उचललेलं. छावणीतला बँड संस्थानिकांच्या दारी आला, तिथून सावकाराच्या आणि मग सगळ्यांच्या. देशभरच्या या बँडांना बाजे पुरवणारं गाव म्हणजे मेरठ. तिथल्या जली कोठी भागात पितळ ठोकून ट्रम्पेट घडवणारे कारागीर आहेत, आणि नादिर अली ही 1885 सालची कंपनी हाच धंदा करते आहे. परदेशी अभ्यासकांना याचं आपल्यापेक्षा जास्त कौतुक. ग्रेगरी बूथ यांनी भारतातल्या लग्नाच्या बँडवाल्यांवर ‘ब्रास बाजा’ नावाचं आख्खं पुस्तक लिहिलं, 2005 साली. आपण त्यांच्यापुढं नाचलो, नोटा ओवाळल्या, आणि त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

या वडिलांना मी इथं मास्तर म्हणतो, कारण बँडमध्ये पुढं उभं राहून चाल देणाऱ्याला मास्तरच म्हणतात. मास्तरांचं वाद्य क्लॅरिनेट. त्याच्या दोन सांध्यांवरचा बूच कधीच गेला आहे. तिथं मेण लावलेला पांढरा दोरा गुंडाळलेला असतो, आणि वरातीच्या आधी ते तो दोरा ओठांनी ओला करून घट्ट बसवतात. रीड महाग, म्हणून एकच रीड ब्लेडनं तासत तासत हंगाम काढायचा. नोटेशन येत नाही. नवं गाणं आलं की मोबाइल कानाला लावून पडून राहायचं. तिसऱ्या वेळेला मुखडा, पाचव्या वेळेला अंतरा, रात्री सगळ्यांना बसवून ‘गाणं बसवायचं’. हा शब्द मला फार आवडतो. गाणं बसतं, जसा चौकटीत दरवाजा बसतो. आधी घासून घ्यावा लागतो.

मास्तरांचं वर्ष पंचांगावर चालतं आणि सोयाबीनवर. तुळशीचं लग्न लागलं की तारखा सुरू. सोयाबीनला भाव मिळाला तर बाप लेकीच्या लग्नात बारा माणसांचा बँड सांगतो; पडला तर ‘सात जणांत भागवा’. पावसानं शेंगेतच कोंब फुटले त्या साली मास्तरांनी चार तारखा परत केल्या, इसारासकट. 2020 साली तर टाळेबंदीनं पन्नास माणसांचं लग्न आणलं. पन्नासांत वाजंत्री कुठं धरायचे? त्या उन्हाळ्यात मास्तरांच्या युफोनियमवाल्यानं भाजीची गाडी लावली. ती अजून चालू आहे. युफोनियम भिंतीला आहे.

इथं एक आडवाट घेतो, वाचकानं रागावू नये. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त एक गोष्ट सांगितली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घराबाहेर पडला. त्याला थोपवायला गौरीनं साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली आणि त्याच्या मागावर धाडली. ती देशोदेशी त्याच्या मागं हिंडली. जाईल तिथं नवा वेश, नवं नाचणं, नवं गाणं-वाजवणं. आधी तो ढुंकून पाहीना. हळूहळू विरघळत गेला. आणि विदर्भात वत्सगुल्म नगरात येऊन त्यांचं लग्न लागलं. म्हणजे या गावाची संस्कृत वाङ्मयातली सगळ्यात मोठी ओळख काय, तर इथं एक लग्न झालं! आधी वाजवणं आणि मग लग्न, हा क्रमही आमचाच. ही गोष्ट मी मास्तरांना सांगितली. फक्त तो गांधर्वविवाह होता, हेही सांगितलं. मास्तर म्हणाले, ‘म्हंजे वरात नाई. मंग आपल्याले त्यातून काय भेटलं?’

मास्तरांचा मुलगा बँडमध्ये गिटार वाजवतो. त्यालाच काकूंचा राग आला होता, हे आता वाचकाच्या लक्षात आलं असेल. अकरावीत असताना वडिलांनी त्याच्या हाती जुना ट्रम्पेट दिला होता. दोन लग्नांत त्यानं तो वाजवला. दुसऱ्या लग्नात वर्गातली मुलं वऱ्हाडी म्हणून आली होती. त्यानंतर ट्रम्पेट पेटीत गेला, आणि पुढं पुण्याला शिकायला गेल्यावर तो विकून त्यात थोडे पैसे घालून गिटार आली. गिवसन, गिब्सन नव्हे. एका अक्षराचा आणि दोन शून्यांचा फरक. वडील काही बोलले नाहीत. अजूनही त्या विषयावर बोलत नाहीत.

हे ऐकताना मला कुठंतरी वाचलेलं काहीतरी आठवत होतं, आणि रात्री ते सापडलं. लिव्हरपूलमध्ये जिम मॅकार्टनी नावाचा एक माणूस होता. पोटासाठी कापसाच्या पेढीत विक्रेता, हौसेसाठी बँडवाला. 1920च्या दशकात ‘जिम मॅक्स जॅझ बँड’ हा त्याचा स्वतःचा बँड होता. तो ट्रम्पेट वाजवी, पियानो वाजवी. मुलाच्या चौदाव्या वाढदिवसाला त्यानं मुलाला ट्रम्पेट दिला. मुलाच्या लक्षात आलं, की तोंडात ट्रम्पेट असताना गाता येत नाही. त्यानं तो दुकानात देऊन बदल्यात गिटार आणली. मुलाचं नाव पॉल. पुढचं जगाला ठाऊक आहे.

यात मला चटका लागला तो कापसाचा. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि लिव्हरपूलच्या बाजाराला वऱ्हाड आठवलं. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभारात होतंच. आमच्या काळ्या मातीतल्या गाठी मुंबईमार्गे लिव्हरपूलला आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांत जाऊ लागल्या. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून धावू लागली, तिची मालकीही इंग्रजी कंपनीचीच आणि ओझं मुख्यतः कापसाचंच. आम्ही तिला शकुंतला म्हणतो. बंद पडली तरी शकुंतलाच म्हणतो.

आता इथं भावनेच्या भरात ‘कारंज्याच्या कापसावर बीटल्स उभे राहिले’ असं लिहायचा मोह होतो. ते खरं नाही. जिमच्या काळापर्यंत हिंदुस्थानचा कापूस मोठ्या प्रमाणात जपानकडं वळला होता. पण मौज अशी, की या दुसऱ्या वाटेनंही आमच्या हाती एक वाद्यच पडलं. 1912 साली नागोया शहरात गोरो मोरिता या कारागिरानं ताइशोगोतो नावाचं वाद्य बनवलं : तारा ताणलेली लांबट पेटी, वर टंकलेखनयंत्रासारखी बटणं; एका हातानं बटण दाबायचं, दुसऱ्या हातानं तार छेडायची. ते हिंदुस्थानात आलं आणि बुलबुल तरंग झालं. त्यालाच पिकअप बसवून, अॅम्प्लिफायरला जोडून, आवाज फाटेपर्यंत वाढवला की झाला आमचा बेंजो. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचा नावापलीकडं काही संबंध नाही. गणपतीत, संदलमध्ये, नागपूरकडून आलेल्या धुमालच्या गाडीवर जो कर्कश, किनरा, काळजाला चरे पाडणारा सूर येतो, तो याचाच. गिटारचा आवाज मुद्दाम फाडून वाजवायचा असतो, हे पुण्याहून शिकून आलेल्या पोरानं मोठ्या ऐटीत शेडमध्ये करून दाखवलं, तेव्हा बाकीच्यांना काहीच नवल वाटलं नाही. ड्रमर म्हणाला, ‘बेंजोच तं हाय हा.’

गाणाऱ्याविषयी थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण ते जमेल असं दिसत नाही. हा मंगरुळपीरकडचा. संध्याकाळी श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला बसणारं घर. तुकडोजी महाराजांनी (1909–1968) खंजिरी हातात घेऊन वऱ्हाड-नागपुरात जे भजन उभं केलं, ते आमच्याकडं अजून गावोगाव टिकून आहे. खंजिरी हे वाद्य दिसायला एवढंसं, पण त्यात अख्खा माणूस हलतो. डावा हात ती धरतो, बोटांनी कातड्यावर दाब देऊन आवाज वर-खाली करतो, उजवा वाजवतो, आणि गळा दोघांच्या वर. आमचा गायक रॉकच्या माइकपुढं उभा राहिला तेव्हा त्याचा रिकामा डावा हात उघडमीट करत होता. कुणीतरी म्हणालं, स्टाइल भारी आहे. त्यालाही ते नंतरच कळलं.

त्याची दुसरी खोड जास्त महत्त्वाची. ओळ म्हटली की तो थांबायचा. दोन मात्रा, कधी चार. बाकीचे पुढं निघून जायचे आणि गाणं सांडायचं. महिनाभर त्यांनी त्याला ‘तालात ये’ म्हणून छळलं. तो तालातच होता. भजनात गाणाऱ्यानं ओळ टाकायची असते आणि मागं बसलेल्या टाळकऱ्यांनी ती उचलायची असते. तो त्यांच्यासाठी जागा सोडत होता. शेडमध्ये टाळकरी नव्हते एवढंच. पुढं एका कार्यक्रमात ती जागा समोरच्या गर्दीनं भरून काढली. त्या दिवसापासून त्याला कुणी घाई करत नाही.

अमेरिकेतही हे असंच झालं होतं. रॉकची एक आजी म्हणून ज्या सिस्टर रोझेटा थार्प यांचं नाव घेतात, त्यांनी गिटार धरली ती देवळात, म्हणजे चर्चमध्ये. आई धर्मप्रचारक, मँडोलिन वाजवणारी. लेक लहानपणापासून भाविकांपुढं गायची. ओळ टाकायची आणि मंडळी उचलायची. तीच सवय विजेच्या गिटारीसकट नाचगाण्याच्या ठिकाणी गेली आणि पुढच्या पोरांनी तिला रॉक अँड रोल म्हटलं. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये थार्पना जागा मिळाली 2018 साली, त्यांच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी. त्यांच्या गावाचं नाव कॉटन प्लांट, आर्कान्सा. म्हणजे पऱ्हाटी! आमच्या गायकाला हे सांगितल्यावर त्यानं नकाशा काढून ते गाव शोधलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘तिकडं बोंडअळी येते का?’

की-बोर्ड वाजवणाऱ्याशी बोलताना मात्र माझी यादी मलाच लाज वाटायला लावणारी ठरली. आमच्याकडं कुठल्याही की-बोर्डला कॅसिओच म्हणतात, तर हा कॅसिओवाला. वस्तीतल्या बुद्धविहाराशेजारी वाढला. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत आणि मागच्या-पुढच्या दिवसांतल्या भीमगीतांच्या कार्यक्रमांत त्याचे वडील हार्मोनियम वाजवायचे. वामनदादा कर्डकांची गाणी त्यांना तोंडपाठ. हे सगळं त्यानं आनंदानं सांगितलं. मी सवयीनं विचारलं, ‘आणि आजोबा काय वाजवायचे?’ तो जरा थांबला. म्हणाला, ‘वाजवायचे. मग सोडलं.’

गावकीच्या कामांत डफडं वाजवणंही येत असे. कुणाच्या दारी, कुणाच्या मिरवणुकीपुढं, कुठल्या बाजूला उभं राहून वाजवायचं हे वाजवणारा ठरवत नसे. बाबासाहेबांनी गावकीची हलकी कामं टाकून द्या म्हटलं आणि असंख्य घरांनी ती टाकली. 1956च्या धम्मदीक्षेनंतर तर आणखी निर्धारानं. त्यात हे वाजवणंही गेलं. आजोबांनी डफडं खाली ठेवलं, आणि वडिलांनी हार्मोनियम उचलली ती स्वतःच्या माणसांपुढं, स्वतःची गाणी गायला. वाद्य सोडणं हीसुद्धा सांगीतिक पार्श्वभूमी असते, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. कलाकार कुणाचा वारसा ‘पुढं चालवतो’ अशी वाक्यं आपण किती सहज लिहितो. पहिल्या खर्ड्यात मीही दोन लिहिली होती. ती खोडली.

हाच पोरगा बँडमधला सगळ्यात जाणता वादक आहे. डाव्या हातानं तो बासही सांभाळतो, कारण बास गिटार वाजवणारा आमच्या टापूत मिळेना. ऑक्टापॅडवाले पाहिजे तेवढे. रोलंड कंपनीनं 1985 साली बाजारात आणलेली ती आठ चौकोनांची पाटी आज तालुक्यातल्या कुठल्याही ऑर्केस्ट्रात दिसते. बास मात्र कुणी शिकत नाही. घरच्यांना ऐकूच येत नाही, मग शिकून उपयोग काय?

पाचव्याविषयी लिहायचं तर तो ऑक्टापॅड वाजवतो, गायकाचा चुलतभाऊ आहे, आणि त्याला बँडपेक्षा बँडची गाडी चालवायला जास्त आवडतं. प्रामाणिक माणूस.

इथं एक कबुली द्यायला हवी. तांडा, विहार, भजनी मंडळ, वाजंत्री असं एकेक जण एकेका दिशेनं आला असं लिहिलं, की प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथासारखं दिसतं. प्रत्यक्षात ती पोरं एकत्र आली कारण गिटारवाला पुण्याहून परतल्यावर ती सगळी एकाच महाविद्यालयात होती आणि अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवात पाश्चात्त्य समूहगानाला नावं कमी पडत होती. कुणीतरी त्यांना कोंबलं. इंग्रजी गाणं पाठ केलं, उच्चारांवर परीक्षक हसले, बक्षीस मिळालं नाही. परतीच्या एसटीत चिडून त्यांनी बँड काढला. मागून कळलं, की एका गणेश मंडळानं बोलावून घेतलं, चार गाण्यांनंतर जनरेटर बंद केला आणि डीजे लावला. ‘पब्लिक बसून रायलं होतं,’ हे कारण. ठरलेले पैसेही अर्धेच दिले. त्यावर ही पोरं अजून गरम आहेत. मास्तर त्यांना म्हणाले, ‘आमची तं वरात अर्धी झाल्यावर डीजे लावते. तुमचे चार तरी गाणे झाले.’

मुंबई-पुण्याच्या वाचकाला वाटेल, रॉक म्हटलं की मुंबईच्या ‘रॉक मशीन’पासून सुरुवात हवी होती, 1984 साली निघालेला, पुढं ‘इंडस क्रीड’ झालेला तो बँड, 1986 पासूनचा ‘इंडिपेंडन्स रॉक’चा मेळा, रंगभवनातल्या रात्री. ती गोष्ट मोठी आहे आणि सांगितली गेली आहे. तिच्यातलं वाशीमला काहीच पोचलं नव्हतं. आमच्या पोरांना जवळचे वाटतात ते अलीकडचे : संतांचे अभंग ड्रम आणि बास गिटारीवर घेणारा ‘अभंग रीपोस्ट’, किंवा बुद्ध-आंबेडकरांची गाणी रॉकच्या वाद्यमेळात गाणारा कबीर शाक्य यांचा ‘धम्म विंग्ज’. हे दोन्ही त्यांनी मोबाइलवर पाहिले. कॅसिओवाला दुसऱ्याचं ऐकताना म्हणाला होता, ‘असं पण चालते का?’ एवढंच म्हणाला, आणि मग बराच वेळ काही वाजवत बसला.

पुढच्या प्रकरणांत कुणाचीही नावं नाहीत. ती त्यांच्याच सांगण्यावरून गाळली. दोघं स्पर्धा परीक्षा देतात, एकाची सोयरीक चालू आहे, आणि आमच्याकडं बँडवाल्याला मुलगी द्यायची म्हटली की ‘अजून काय करते?’ हा प्रश्न येतो. दुसऱ्याच्या लग्नात आयुष्य वाजवणाऱ्याला स्वतःचं जमवताना घाम फुटतो. मास्तरांनी मात्र ‘घाला नाव, छापा फोटो’ म्हणून आग्रह केला होता. मुलाकडं बघून मीच घातलं नाही.

पुस्तकाची सुरुवात मास्तरांपासून केली आहे, पाच पोरांपासून नाही. त्यांना मी मुलाखतीसाठी विचारायला गेलो तो मार्गशीर्षातला दिवस होता, ऐन घाईचा. ते ओट्यावर बसून रीड तासत होते. मी म्हटलं, तुमच्याशी निवांत दोन तास बोलायचं आहे, कधी येऊ? त्यांनी ब्लेड बाजूला ठेवलं. इसार दिल्याशिवाय तारीख धरत नाही, म्हणाले. मला वाटलं, थट्टा करतात. ते हात पुढं करून बसले होते. मी एकशे एक रुपये दिले. त्यांनी आतून कोपरे मुडपलेली डायरी आणवली, पानं उलटली, एक रिकामी जागा शोधून माझं नाव लिहिलं, पुढं ‘101 जमा’ लिहिलं, आणि पेन तसंच धरून विचारलं, ‘निघायचं कुठून?’